डब्लिनमध्ये फेनियनांच्या मागावर एक दिवस: कसं चालायचं, कुठं थांबायचं, काय विचारायचं

माझे सासरे, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, पहिल्यांदा डब्लिनला आले तेव्हा मी त्यांना थॉमस स्ट्रीटवर नेलं. 1803 मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या रॉबर्ट एमेटला इथं फाशी दिलं, तो पंचवीस वर्षांचा होता, असं मी सांगायला लागले. अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "ते सगळं खरं. पण त्याला भाकरी कोण पोचवत होतं?"

अप्पांचं गाव सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या बाजूला. पत्री सरकारच्या काळात, 1943 ते 46 मध्ये, त्यांची आई उसाच्या फडात लपलेल्या पोरांना रात्री भाकऱ्या नेऊन द्यायची. त्यामुळे कुठल्याही चळवळीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मला त्या दिवशी उत्तर नीट देता आलं नाही. घरी येऊन मी वाचायला बसले आणि पुढच्या काही वर्षांत हा फेरफटका तयार झाला. आता पाहुणे आले की मी त्यांना याच वाटेने नेते. तुम्ही एकटे आलात तरी तुम्हाला तो करता यावा म्हणून हे लिहिते आहे.

निघण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली, तीन मागण्या एकमेकींत मिसळू नका. 1 जानेवारी 1801 पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद संपली आणि कारभार लंडनच्या हातात गेला. डॅनियल ओ'कॉनेलला ती संसद परत हवी होती, राणी चालत होती. त्याला 'रिपील' म्हणत. पुढे आयरिश पुढारी पार्नेलच्या काळात 'होमरूल' आलं, म्हणजे साम्राज्यात राहून घरचा कारभार आपल्या हाती. टिळकांनी 1916 मध्ये बेळगावला हाच शब्द उचलला. तिसरी मागणी प्रजासत्ताकाची: राणीच नको, लंडनशी संबंधच नको, आणि ते बंदुकीशिवाय होणार नाही. आपला दिवस या तिसऱ्या लोकांचा, म्हणजे एमेट आणि त्याच्या मागून आलेल्या फेनियनांचा आहे. आपल्याला लगेच मवाळ-जहाल आठवतं, पण ती जोडी इथं जशीच्या तशी बसवू नका. मायकल डॅव्हिटसारखा माणूस शस्त्रांच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला आणि बाहेर येऊन पार्नेलच्या सोबत कुळांच्या चळवळीत उभा राहिला. दोन्हीकडची माणसं सतत इकडून तिकडे जात होती.

दुसरी, 'फेनियन' हा शब्द जपून वापरा. डब्लिनमध्ये तो इतिहासातला शब्द आहे, कोणी दचकत नाही. पण बेलफास्टला गेलात तर तिथं तो कॅथलिकांना हिणवायला वापरतात. ट्रेनमध्ये मोठ्या आवाजात नको.

चाल साधारण सहा किलोमीटर. लीप कार्ड घ्या. बस आणि लुआस ट्रामला तेच चालतं. छत्री आणू नका, इथला वारा ती उलटी करतो. टोपीचं रेनकोट आणा. आणि किलमेनमचा तुरुंग याच दिवशी कोंबू नका. त्याची तिकिटं ऑनलाइन काढावी लागतात, काही आठवडे आधीच संपतात, आणि आतून बाहेर आल्यावर माणसाला लगेच चालायची इच्छा राहत नाही. त्याला वेगळी सकाळ द्या.

सकाळी नऊ: थॉमस स्ट्रीट

सेंट कॅथरिन्स चर्चच्या समोर उभे राहा. करड्या दगडाचं, जाड खांबांचं चर्च आहे. 20 सप्टेंबर 1803 ला याच रस्त्यात, चर्चपुढं, एमेटला फाशी दिलं आणि नंतर त्याचं डोकं तोडलं. बाहेर त्याच्या नावाचा दगड आहे. तो वाचा, पण तिथंच थांबू नका. पाठमोरे वळा आणि रस्ता पाहा. दोन महिन्यांपूर्वी, 23 जुलैच्या संध्याकाळी, याच रस्त्यावर त्याचा उठाव काही तासांत कोसळला होता. त्याने तयारी कमी केली नव्हती. भाले मधोमध बिजागरीने दुमडतील असे करवून घेतले होते, म्हणजे कोटाखाली लपवता येतील. एका कोठारात आठवडाभर आधी स्फोट झाला आणि घाई करावी लागली. जितकी माणसं यायची होती तितकी आली नाहीत. जी आली त्यांच्यातल्या काहींनी न्यायाधीश लॉर्ड किलवॉर्डनला गाडीतून ओढून मारलं. एमेटने ते थांबवलं नाही, थांबवू शकला नाही; तो माणसं घेऊन शहराबाहेर निघून गेला. हे सांगताना मी कधी गाळत नाही.

आता अप्पांचा प्रश्न. एमेट रॅथफार्नमला बटरफील्ड लेनमध्ये भाड्याच्या घरात राहायचा. त्या घरात ॲन डेव्हलिन होती, विशीतली, विकलोच्या शेतकरी घरातली. बंडखोर मायकल ड्वायर तिचा चुलतभाऊ. शेजाऱ्यांना दिसायला ती घरकाम करणारी, प्रत्यक्षात निरोप नेणारी, आणणारी, घर सांभाळणारी. उठाव फसल्यावर शिपाई तिथं आले. तिला संगिनी टोचल्या. गाडीचा दांडा वर करून त्याला दोर बांधला, तिला अर्धवट फासावर चढवलं आणि पुन्हा खाली घेतलं. ती बोलली नाही. मग डब्लिनचा पोलिसप्रमुख मेजर सर याने तिला 500 पौंड देऊ केले. त्या काळात एवढ्या रकमेत तिच्या घराचं आयुष्य निघालं असतं. ती तेव्हाही बोलली नाही. तिच्या सगळ्या घरादाराला पकडलं. धाकटा भाऊ, आठेक वर्षांचा, तुरुंगाच्या हालांत गेला. ती 1806 मध्ये सुटली. एमेट तिच्यामुळं सापडला नाही. ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं तिच्या जवळ राहावं म्हणून तो हॅरॉल्ड्स क्रॉसला थांबला आणि 25 ऑगस्टला तिथंच पकडला गेला.

ॲनचं नाव लक्षात ठेवा. संध्याकाळी आपण तिच्याकडं जाणार आहोत.

पार्लमेंट स्ट्रीट, क्रमांक 12

थॉमस स्ट्रीटने सरळ पूर्वेला चाला. कॉर्नमार्केट, हाय स्ट्रीट, क्राइस्टचर्च, मग उतार. पंधरा-वीस मिनिटांत सिटी हॉलसमोर याल. मागं डब्लिन कॅसल, म्हणजे ब्रिटिश सत्तेचं मुख्य ठाणं. समोरून नदीकडे जाणारा आखूड रस्ता म्हणजे पार्लमेंट स्ट्रीट. इथल्या 12 क्रमांकाच्या जागेत 1863 च्या नोव्हेंबरपासून 'आयरिश पीपल' नावाचं साप्ताहिक निघायचं. राज्य उलथवायला निघालेल्या फेनियनांच्या गुप्त संघटनेचं वर्तमानपत्र, कॅसलच्या दारात. मी पाहुण्यांना इथं कॅसलच्या फाटकापासून पावलं मोजायला लावते. मोजून झाली की धाडस किती होतं आणि बेसावधपणा किती होता, दोन्ही पायांना कळतं.

जॉन ओ'लिअरी, थॉमस क्लार्क लूबी आणि चार्ल्स किकम लिहायचे, जेरेमाया ओ'डोनोव्हन रॉसा व्यवस्था पाहायचा. 15 सप्टेंबर 1865 ला पोलिसांनी छापा घातला. आतलाच एक माणूस, पिअर्स नेगल, पैसे घेऊन बातम्या देत होता. म्हणजे एका बाजूला 500 पौंड नाकारणारी ॲन, दुसऱ्या बाजूला हा. चळवळीचा हिशोब मांडताना दोघांचीही नावं घ्यावी लागतात.

ग्रॅटन पूल ओलांडून केपल स्ट्रीटने वर जा, डावीकडं आत ग्रीन स्ट्रीटवर जुनं कोर्ट आहे. एमेटने आपलं शेवटचं भाषण इथं केलं: माझा देश जगातल्या देशांच्या पंक्तीत बसेल तेव्हाच माझा मृत्युलेख लिहा, तोवर नको. 1848 मध्ये बंडखोर पत्रकार जॉन मिचेलला 14 वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा इथंच झाली. 1865 च्या खटल्यात रॉसाने वकील न घेता आपल्या वर्तमानपत्रातले लेख आठ-आठ तास वाचून दाखवले. त्याला जन्मठेप मिळाली. इंग्लंडच्या तुरुंगात एकदा त्याचे हात सलग 35 दिवस बेड्यांत होते, दिवसा तर पाठीमागे बांधलेले. पुढं 1869 मध्ये टिपररीच्या मतदारांनी तुरुंगातल्या रॉसाला खासदार म्हणून निवडून दिलं. लंडनच्या संसदेने ती निवड रद्द केली.

इथं भाकरीच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. पहिलं, पुरुष आत गेल्यावर त्यांच्या घरांसाठी बायकांनी समिती काढली: लूबीची बायको लेटिशिया, रॉसाची बायको मेरी, ओ'लिअरीची बहीण एलन. दुसरं, संघटनेचा प्रमुख जेम्स स्टीफन्स रिचमंड ब्राइडवेल तुरुंगातून 24 नोव्हेंबर 1865 च्या रात्री पळाला तो दोन कर्मचाऱ्यांमुळे, इस्पितळ सांभाळणारा ब्रेस्लिन आणि रात्रपाळीचा बर्न. किल्ल्यांचे ठसे मेणावर घेतले होते. पगार सरकारचा, निष्ठा दुसरीकडे. तिसरं, या पलायनाला पैसा लागला, त्यासाठी एलन ओ'लिअरीने आपली मालमत्ता गहाण टाकली.

ॲबी स्ट्रीट: एका मृतदेहाचा आठवडा

लाल लुआसच्या रुळांच्या बाजूने ॲबी थिएटरपर्यंत या. जिथं हे थिएटर उभं आहे तिथं पूर्वी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होतं. माझ्या मते फेनियन समजून घ्यायचे असतील तर याच कोपऱ्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

टेरेन्स बेल्यू मॅकमॅनस हा 1848 च्या उठावातला माणूस. टास्मानियाला हद्दपार झाला, तिथून निसटून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि 1861 च्या जानेवारीत तिथंच गरिबीत वारला. फेनियनांनी ठरवलं, याला घरी न्यायचं. मृतदेह अमेरिका ओलांडून न्यूयॉर्कला, तिथून जहाजाने कॉर्कला, तिथून डब्लिनला आला. आर्चबिशप कलनने प्रो-कॅथेड्रलमध्ये ठेवायला नकार दिला. ते कॅथेड्रल इथून दोन मिनिटांवर, मार्लबरो स्ट्रीटवरच आहे. जाऊन बघा, किती जवळ होतं ते कळेल. मग पेटी या इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली आणि आठवडाभर लोक येत राहिले. 10 नोव्हेंबरला ग्लासनेविनकडे अंत्ययात्रा निघाली, हजारो माणसं चालत होती, शिस्तीत. कबरीवर फादर लॅव्हेल हा एक पाद्री बिशपची पर्वा न करता बोलला.

संघटना तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांची होती. तिच्याकडं पुरेशा बंदुका नव्हत्या, पुरेसा पैसा नव्हता. पण त्या दिवशी तिला कळलं की आपल्याकडं माणसं आहेत, आणि ती एका इशाऱ्यावर रांगेत चालतात. नंतरच्या पन्नास वर्षांत आयरिश प्रजासत्ताकवाद्यांनी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली.

इथून ओ'कॉनेल पुलावरून दक्षिणेला जा. पुलाच्या मधोमध मी मराठी पाहुण्यांना हमखास थांबवते. 1897 च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव होता. 22 जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. त्याच ज्युबिलीच्या वेळी डब्लिनमध्ये समाजवादी पुढारी जेम्स कॉनली आणि राष्ट्रवादी कार्यकर्ती मॉड गॉन यांनी 'ब्रिटिश साम्राज्य' असं लिहिलेली शवपेटी मिरवत आणली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पेटी या पुलावरून लिफी नदीत फेकली गेली. अप्पा इथं टोपी काढून उभे राहिले होते.

लोम्बार्ड स्ट्रीट

दहा मिनिटांची चाल, आणि पोचल्यावर बघण्यासारखं काही नाही. तरीही जा. 17 मार्च 1858, सेंट पॅट्रिकचा दिवस. या रस्त्यावर पीटर लँगनची लाकडाची वखार होती. तिथं स्टीफन्स, लूबी आणि आणखी मोजक्या लोकांनी शपथ घेतली. स्टीफन्स 1848 मध्ये गोळी लागून पॅरिसला पळालेला, परत येऊन देशभर पायी हिंडलेला. शपथ घ्यायला एक कारण लगेचचं होतं: त्याच सुमारास न्यूयॉर्कहून पैसे आले होते. त्याचा जुना सोबती जॉन ओ'माहोनी तिथं संघटना बांधत होता. जुन्या गोष्टींतल्या फिन मॅक कूलच्या 'फियाना' या योद्ध्यांच्या टोळीवरून त्याने 'फेनियन' नाव घेतलं. दुष्काळात देश सोडून गेलेल्या लोकांचे डॉलर आणि इथली शपथ, असं हे जोडकाम होतं.

जेवण इथंच कुठंतरी उरकून घ्या.

सेंट स्टीफन्स ग्रीन

बागेच्या मेरियन रोच्या कोपऱ्यावर वुल्फ टोनचा पुतळा आहे. युनायटेड आयरिशमेन या प्रजासत्ताकवादी संघटनेचा हा माणूस, 1798 मध्ये पकडला गेला आणि तुरुंगात वारला. पुतळा 1967 चा, 1971 मध्ये बाँबने उडवला, पुन्हा बसवला. त्याच्या मागे वळून पाहा: त्याच शिल्पकाराचं दुष्काळाचं स्मारक आहे. तिथं बसा आणि टिपररीतल्या बॅलिंगॅरी गावची 1848 च्या उठावाची ही गोष्ट वाचा.

1845 पासून बटाट्याचं पीक सडत गेलं. 1841 च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे 82 लाख होती, 1851 मध्ये साडेपासष्ट लाख. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने गेली, त्याहून जास्त जहाजात बसली. अशा वेळी, 1848 च्या जुलैत, यंग आयर्लंड या राष्ट्रवादी गटाचा विल्यम स्मिथ ओ'ब्रायन टिपररीत लोकांना बंडासाठी उठवत गावोगाव फिरत होता. लोक आले. तो सज्जन जमीनदार होता, लूट त्याला मान्य नव्हती. त्याने सांगितलं, घरी जा आणि चार दिवसांची शिधा घेऊन या.

चार दिवसांची शिधा! घरात चार दिवसांचं असतं तर ती माणसं रस्त्यावर कशाला आली असती? बहुतेक जण परत आलेच नाहीत. उरलेल्यांची 29 जुलैला विधवा मॅकॉर्मकच्या घरात शिरलेल्या पोलिसांशी चकमक झाली. तिची पाच मुलं आत अडकली होती. काही तासांत सगळं संपलं. हा परिच्छेद वाचला तेव्हा मी अप्पांना सांगलीला फोन केला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्याला कुणी सांगायला पाहिजे होतं गं."

बागेतून पश्चिमेला चालत जा. ग्राफ्टन स्ट्रीटच्या तोंडाशी दगडी कमान आहे, बोअर युद्धात ब्रिटिशांकडून मेलेल्या डब्लिनच्या सैनिकांची, 1907 ची. याच कोपऱ्यावर 15 ऑगस्ट 1898 ला टोनच्या स्मारकाची पायाभरणी झाली होती. प्रचंड मिरवणूक निघाली, बेलफास्टच्या केव्ह हिलवरून दगड आणला, आणि स्मारक झालंच नाही. त्या जागी साम्राज्याची कमान आली. राष्ट्रवादी लोक तिला गद्दारांची कमान म्हणायचे. आत शिरल्यावर जवळच रॉसाचा दगड आहे. बागेच्या पश्चिम बाजूला एमेटचा पुतळा, त्याच्या जन्मस्थळाकडे तोंड करून.

ग्लासनेविन

हिरव्या लुआसने फिब्सबरोला उतरा, तिथून पंधरा-वीस मिनिटं चाल. साडेतीनपर्यंत पोचा. आत जायला पैसे लागत नाहीत. आधी फाटकाजवळ नकाशा घ्या, कारण इथं पंधरा लाखांच्या आसपास माणसं पुरली आहेत. नकाशाशिवाय सापडत नाही.

स्टीफन्स आणि ओ'लिअरी शेजारी-शेजारी आहेत. मॅकमॅनस इथं आहे. ओ'माहोनीलाही 1877 मध्ये न्यूयॉर्कहून असंच घरी आणलं. रॉसाची कबर फाटकापासून लांब नाही; 1 ऑगस्ट 1915 ला तिच्यावर पॅट्रिक पिअर्स बोलला, आणि नऊ महिन्यांत त्याच्याच पुढारपणाखाली डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला.

मँचेस्टरच्या तिघांच्या नावाचं स्मारकही आहे: ॲलन, लार्किन, ओ'ब्रायन. त्यांच्या कबरी इथं नाहीत. 1867 च्या मार्चमधला उठाव टॅला आणि इतर ठिकाणी एका रात्रीत मोडला. (टॅला आता लाल लुआसचा शेवटचा थांबा आहे.) त्याच सप्टेंबरात मँचेस्टरला फेनियनांनी कैद्यांची गाडी फोडली आणि थॉमस केली व टिमथी डीझी या आपल्या दोन पुढाऱ्यांना सोडवलं, त्यात पोलीस सार्जंट ब्रेट मारला गेला आणि 23 नोव्हेंबरला या तिघांना फाशी झाली. या स्मारकापुढं उभं राहून मी लंडनच्या क्लर्कनवेलचंही सांगते. 13 डिसेंबर 1867 ला फेनियनांनी तुरुंगाची भिंत उडवायला लावलेल्या बंदुकीच्या दारूने समोरच्या गरिबांच्या घरांतली बारा माणसं मारली. त्यांचं स्मारक इथं नाही, म्हणून तोंडाने सांगावं लागतं.

शेवटी ॲन डेव्हलिनकडे या. नकाशावर सापडलं नाही तर तिथल्या माणसांना विचारा, ते आनंदाने दाखवतात. सुटल्यावर ती पंचेचाळीस वर्षं डब्लिनमध्ये जगली, धुणी धुवून. इतिहासकार डॉक्टर मॅडनने तिला शोधून काढलं, जमेल तशी मदत केली. 1851 मध्ये तो गावाबाहेर असताना ती लिबर्टीजच्या एका खोलीत वारली, आणि परत आल्यावर त्याने तिला गरिबांच्या कबरीतून काढून इथं आणलं, वर दगड बसवला. एमेटच्या विश्वासू नोकराणीच्या स्मरणार्थ, असं त्यावर आहे. ती अप्रसिद्ध आणि गरीब राहिली आणि तशीच गेली, असंही आहे.

मी अप्पांना ओळ मराठीत सांगितली. त्यांनी दगडावर हात ठेवला. "नोकराणी नको म्हणायला," ते म्हणाले. "आमच्या आईला कुणी नोकराणी म्हटलं असतं का?"

फाटक संध्याकाळी बंद होतं, वेळ ऋतूप्रमाणं बदलते, ती आत शिरतानाच पाहून ठेवा. ॲनसाठी निदान अर्धा तास राखा.